नागोरावांनी पुसलेला आवाज

नागोराव वानखडे यांचा डावा कान भोसरीच्या एका फोर्जिंग कारखान्यात गेला. गेला तो ऐकण्याच्या दृष्टीने. बाहेरून तो अजून व्यवस्थित दिसतो. उभी नोकरी लोखंड ठोकणाऱ्या हॅमरच्या शेजारी काढल्यावर उजवा कान कसा शाबूत राहिला, याचंच कारखान्याच्या डॉक्टरांना नवल वाटलं होतं. निवृत्तीनंतर असा माणूस आवाज रेकॉर्ड करण्याच्या कामाला लागेल असं कोणालाही वाटलं नसतं. नागोरावांनाही वाटलं नव्हतं. ते गेले होते वाचायला.

कोथरूडमधल्या एका सोसायटीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारं एक केंद्र आहे. झोपायच्या खोलीला आतून गाद्या ठोकून वाचनाची खोली केली आहे. कंट्रोल रूम म्हणजे पूर्वीचं स्वयंपाकघर. संगणक ओट्यावर असतो, शेजारी सिंक आहे आणि सिंकचा नळ घट्ट बंद करावा अशी सूचना भिंतीवर आहे. मधल्या भिंतीला काच बसवली आहे, म्हणजे वाचणारा आणि रेकॉर्ड करणारा एकमेकांना दिसतात.

'वाचक हवेत' हे नागोरावांनी पेपरात वाचलं आणि दोन बस बदलून ते विश्रांतवाडीहून तिथे पोचले. आवाजाची चाचणी सहस्रबुद्धेबाई घेत असत. बाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, वय ऐंशीच्या उंबरठ्यावर, आवाज मात्र घासून लख्ख केलेल्या पितळी तांब्यासारखा. त्यांनी नागोरावांच्या हातात एक परिच्छेद दिला. परिच्छेद दुष्काळावर होता आणि त्यात ळ फार होते. नागोराव मूळचे यवतमाळकडच्या दारव्ह्याचे. नोकरीतल्या इतक्या वर्षांत त्यांची बोली बरीचशी पुण्याची झाली होती, पण मोठ्याने वाचायची वेळ आली की घशातून दारव्हाच यायचं, आणि ळचा य व्हायचा.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आवाज उत्तम आहे आपला," त्या म्हणाल्या. "उच्चार मात्र आपल्याजवळच ठेवा."

नागोरावांना राग आला नाही. पुण्यात इतकी वर्षं राहिल्यावर समोरचा अपमान करतोय की नुसती माहिती देतोय, हे त्यांना ओळखता यायला लागलं होतं. ही माहिती होती. ते उठले, चपला घातल्या आणि जाता जाता म्हणाले, "वरच्या मजल्यावर कोणाचं तरी वॉशिंग मशीन चालू आहे. ते तुमच्या रेकॉर्डिंगात येत असेल."

बाईंनी रेकॉर्डिंग लावून पाहिलं. येत होतं.

दुसऱ्या आठवड्यापासून नागोराव ओट्यासमोर बसायला लागले. डाव्या कानाचं त्यांनी आधीच सांगितलं होतं. रेकॉर्डिंग एकाच चॅनेलचं, एका कानाने ऐकून भागणारं, असल्यामुळे केंद्राच्या कमिटीने हरकत घेतली नाही.

संगणक जुना होता. एका कंपनीने आपले मोडीत काढताना त्यातला बरा बघून केंद्राला दिला होता. कमिटीतल्या कोणाचा तरी भाचा, दिग्विजय, इंजिनिअरिंगला होता. त्याने त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली आणि रेकॉर्डिंगचा एक साधा प्रोग्राम बसवला. संगणकात दोन डिस्का होत्या. एक लहान आणि वेगवान, जिच्यावर संगणक चालायचा. दुसरी मोठी आणि संथ, जिच्यावर तयार पुस्तकं राहायची. लहान डिस्कचा एक कोपरा त्याने तात्पुरत्या फायलींसाठी वेगळा काढला होता. वाचन चालू असताना आवाज आधी त्या तात्पुरत्या कप्प्यात साठायचा. वाचन संपलं, जतन केलं, की तिथून मोठ्या डिस्कवर जायचा.

"कप्पा लहान नाही का?" नागोरावांनी विचारलं होतं.

"तात्पुरतंच तर आहे, काका," दिग्विजय म्हणाला आणि पुढच्या शिक्षणाला जर्मनीला गेला.

जाण्यापूर्वी त्याने आणखी एक गोष्ट केली होती. संगणक चालू होताना हा कप्पा आपोआप साफ व्हायचा. एकदा मध्येच वीज गेली आणि अर्धा धडा असाच साफ झाला. तेव्हा ओरड झाली म्हणून दिग्विजयने ती सफाई बंद करून टाकली. त्यानंतर कप्प्यात पडलेलं कोणीतरी हाताने काढेपर्यंत तिथेच राहू लागलं. काढायला कोणाला नेमलेलं नव्हतं.

ही व्यवस्था बरेच दिवस सुरळीत चालली.

ती कोलमडली त्या दिवशी सहस्रबुद्धेबाई सकाळीच आल्या. पुराव्याच्या कायद्याचं मराठी पाठ्यपुस्तक त्या वाचत होत्या आणि शेवटची दोन प्रकरणं राहिली होती. इंदापूरकडचा सूरज नावाचा एक अंध मुलगा कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याची परीक्षा तोंडावर आली होती आणि तो रोज फोन करून मोठ्या अदबीने चौकशी करायचा.

बाईंनी ज्येष्ठमधाच्या पाण्याचा थर्मास टेबलावर ठेवला.

"आज दोन्ही प्रकरणं संपवते," त्या म्हणाल्या. "मध्ये थांबायचं नाही."

"दमाल, बाई. उद्या एक करू."

"उद्या माझ्या घशाचं ऑपरेशन आहे. संध्याकाळी दाखल व्हायचंय. नंतर आवाज राहतो की नाही, ते डॉक्टरांनाही माहीत नाही. त्यांनी तसं इंग्रजीत सांगितलं, त्यामुळे बराच वेळ लागला."

घशाला काही झालंय हे बाईंनी आजवर कोणाला कळू दिलं नव्हतं. नागोरावांनी हेडफोन उजव्या कानाला लावला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

त्या दिवशी बाईंनी जसं वाचलं तसं नागोरावांनी आधी कधी ऐकलं नव्हतं. कलमं, पोटकलमं, साक्षीदाराची उलटतपासणी, मरणासन्न माणसाचा जबाब. सगळं असं की जणू कोणी समोर बसून समजावून सांगतंय. एकदाही अडखळल्या नाहीत. पान उलटताना त्या कागद बोटांनी असा उचलायच्या की आवाज होत नसे. नागोराव हातातल्या दुसऱ्या प्रतीवर ओळीमागून ओळ बोट फिरवत होते, कारण वाचणाऱ्याची चूक पकडणं हेही त्यांचंच काम होतं. एक चूक मिळेना. ते पुस्तकात इतके बुडाले की पडद्याकडे बघायचं राहून गेलं.

पडद्यावर एक लहानशी पेटी उमटली होती. ती कधीची होती कोण जाणे. तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं की जागा शिल्लक नाही. खाली एकच बटण होतं, त्यावर 'ओके' असं होतं. नागोरावांना ओके म्हणण्यासारखं काही दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी ते दाबलं नाही.

काचेपलीकडे बाई वाचत होत्या. थांबवावं तर त्यांनी थांबायचं नाही असं बजावलेलं. नागोरावांनी ठरवलं की आधी जागा मोकळी करू, म्हणजे रेकॉर्डिंग आपोआप पुढे चालू होईल. दिग्विजयने जाताना शिकवलेल्या चार-दोन गोष्टी त्यांना येत होत्या. आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून त्यांनी तात्पुरता कप्पा पाहिला. तो शंभर टक्के भरला होता. आत काय आहे ते मोठ्यापासून लहानाकडे लावून घेतलं. सगळ्यात वर दोन अवजड फायली होत्या. एकीचं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, मांजराने कीबोर्डवरून चालत जावं तसं. दुसरीचं नाव होतं 'रंगरावसाहेब अमृतमहोत्सव सत्कार, संपूर्ण'.

रंगराव मोहिते हे केंद्राचे अध्यक्ष. सरकारी खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. अध्यक्षांच्या नावाची फाइल पुसायला नागोरावांचा हात धजेना. त्यांनी बिननावाची पुसली.

पुसून पुन्हा पाहिलं. कप्पा अजूनही शंभर टक्के भरलेलाच.

हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना. इतकी मोठी फाइल काढली आणि तसूभरही जागा मिळाली नाही. त्यांनी यादी पुन्हा वर-खाली केली. फाइलचं नाव असं विचित्र का होतं ते त्यांना उमगलं. प्रोग्राम स्वतः बनवतो त्या फायलींना तो अशीच नावं देतो. जतन होईपर्यंत त्यांना नाव नसतं. आत्ता या संगणकावर जतन न झालेली एकच गोष्ट होती.

काचेपलीकडे बाईंनी पुस्तक मिटलं. चष्मा काढला, पुसला आणि दार उघडून बाहेर आल्या.

"झालं. शेवटचं पान ऐकवा."

नागोराव उठून उभे राहिले.

"बाई, रेकॉर्डिंग गेलं."

"कुठे?"

"म्हणजे, मी पुसलं. जागा करायला म्हणून."

बाईंनी भिंतीजवळची खुर्ची ओढली, थर्मास मांडीवर घेतला आणि बसल्या.

"रिक्षा अजून सांगितलेली नाही," त्या म्हणाल्या. "शोधा."

त्या ओरडल्या असत्या तर नागोरावांना बरं वाटलं असतं.

तेवढ्यात रंगराव आले. ते रोज या सुमाराला यायचे, केंद्र चालू आहे ना ते बघायचे आणि असलं तर परत जायचे. आज त्यांना कामच सापडलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, पेटी वाचली, आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "बंद करून चालू करा."

"त्याने काय होईल?"

"फ्रेश होतं सगळं. आमच्याकडे ऑफिसात हेच करायचे. नाहीतर निदान ते ओके तरी दाबा. बिचारा केव्हाचा विचारतोय." आणि त्यांनी माउसकडे हात नेला.

"हात लावू नका!" नागोराव इतक्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. "मी सांगून रायलो ना! काहून दाबता?"

रंगरावांनी हात मागे घेतला. केंद्रात वऱ्हाडी बोलली गेल्याची ही पहिलीच वेळ होती. नागोरावांना स्वतःलाच कळत नव्हतं की बटण का दाबायचं नाही. एवढंच ठाऊक होतं की एकदा न विचारता काहीतरी केलंय, आता दुसरं करायचं नाही.

त्यांनी दिग्विजयला फोन लावला. तो उचलला गेला नाही. मग त्यांनी फोनमधला दुसरा नंबर काढला. तो 'मिसबा तक्रार' या नावाने ठेवलेला होता.

मिसबा ही केंद्राची जुनी विद्यार्थिनी. मार्केट यार्डातल्या अकबर बागवानांची मुलगी, जन्मापासून अंध. याच केंद्राची पुस्तकं ऐकत शाळा-कॉलेज पार पाडलेली. आता ती खराडीला एका कंपनीत नोकरी करत होती आणि दिवसभर लिनक्सच्या मोठ्या मोठ्या मशीनशी बोलायची. म्हणजे मशीन तिच्याशी बोलायची, पडद्यावरचं वाचून दाखवायची. शिकून झालं तरी तिने केंद्राची पुस्तकं ऐकणं सोडलं नव्हतं, आणि महिन्यातून एकदा ती नागोरावांना व्हॉइस मेसेज पाठवायची. अमुक धड्यात खुर्ची करकरते. तमुक पुस्तकात वाचकाचं पोट वाजतं. तिने पाठवलेली एकही तक्रार खोटी निघाली नव्हती.

"बोला काका. कुठली खुर्ची?"

नागोरावांनी एका दमात सगळं सांगितलं.

"ती पेटी अजून आहे पडद्यावर?"

"आहे."

"ओके दाबलं कोणी?"

"नाही. अध्यक्ष दाबणार होते."

"त्यांना लांब बसवा."

नागोरावांनी रंगरावांकडे पाहिलं. फोन स्पीकरवर होता. रंगराव स्वतःच जाऊन सिंकजवळ उभे राहिले.

"हे बघा काका," मिसबा म्हणाली. "तुम्ही फाइल पुसली नाही. फाइलचं नाव पुसलंत. लग्नाच्या हॉलबाहेरची पाटी काढली म्हणून आतली पंगत उठते का? नाही ना? तसंच आहे. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामने ती फाइल उघडून धरलीये. तो ती सोडत नाही तोवर सिस्टीम ती जागा दुसऱ्या कोणाला देत नाही. म्हणून तर तुमची जागा वाढली नाही."

"म्हणजे आवाज आहे?"

"आहे. पण पाटी नसल्यामुळे नेहमीच्या दाराने तुम्हाला सापडणार नाही. मशीन बंद केलं, किंवा ओके दाबून प्रोग्राम बाहेर पडला, की पंगत उठली. मग देवही काढू शकणार नाही."

रंगराव सिंकच्या नळाकडे बघू लागले.

"आता मी सांगते ते टाइप करा, आणि जे दिसेल ते मला वाचून दाखवा. जसंच्या तसं. गाळायचं नाही, अंदाज करायचा नाही. काळी खिडकी आहे ना पुढ्यात? लिहा: एल, एस, ओ, एफ. मोकळी जागा. अधिकचं चिन्ह. मोठा एल. एक."

नागोरावांनी एका बोटाने एकेक अक्षर दाबलं. दाबल्यावर ते मोठ्याने म्हटलं, मग एंटर केलं. खिडकीत ओळी उमटल्या.

"वाचा."

आणि नागोराव वाचायला लागले. प्रोग्रामचं नाव, त्याच्या पुढचा आकडा, त्याच्या पुढचं अक्षर, तिरकी रेघ, पुन्हा तिरकी रेघ. न समजणारा प्रत्येक शब्द त्यांनी अक्षर अक्षर सुटं करून सांगितला. बाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. चौथ्या ओळीच्या शेवटी आल्यावर नागोराव थांबले.

"इथे कंसात 'डिलीटेड' असं आहे."

"नाव काय फाइलचं?"

"मांजराचं."

"काय?"

"म्हणजे आकडे आणि अक्षरं. तीच आहे ती. मी ओळखतो."

"छान. त्याच ओळीतला दुसऱ्या रकान्यातला आकडा पुन्हा वाचा. आणि चौथ्या रकान्यातला."

त्यांनी वाचले. मिसबाने एक लांबलचक पत्ता सांगितला, तिरक्या रेघांनी भरलेला. त्यात वाचलेले दोन आकडे मध्ये मध्ये बसत होते. प्रोग्रामने जे जे उघडून धरलंय ते या पत्त्यावर दिसतं, ती म्हणाली. हे मागचं दार. तिथून उचलायचं आणि मोठ्या डिस्कवर त्याची प्रत करायची. नागोरावांनी ओळ लिहिली. एंटर दाबण्याआधी तिने ती त्यांच्याकडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतली. एका ठिकाणी तिरकी रेघ राहिली होती. ती घातली. पुन्हा वाचून घेतली.

"दाबा."

खिडकी गप्प झाली. मोठी डिस्क जुनी होती, ती करकर करायला लागली. रंगरावांनी मध्येच "काय झालं?" असं विचारलं, पण हळू विचारलं. मग खिडकीत नवी ओळ आली आणि करकर थांबली.

"आता ती प्रत उघडून बघा. प्रत. दुसरं काही नाही."

नागोरावांनी हेडफोन काढून स्पीकर लावला. स्वयंपाकघरात सहस्रबुद्धेबाईंचा आवाज भरला: प्रकरण दहावे, साक्षीदारांची तपासणी.

बाईंनी थर्मासचं झाकण काढलं, घोटभर पाणी प्यायल्या आणि झाकण लावलं. झाकण आट्यावर बसायला नेहमीपेक्षा जरा वेळ लागला.

"शेवट ऐका," मिसबाने फोनवरून सांगितलं. "जागा संपल्यानंतरचं त्यात नसणार."

शेवट ऐकला. अकरावं प्रकरण अर्ध्यावर आलं होतं. 'न्यायालयाच्या मते असा पुरावा ग्राह्य' इथपर्यंत बाई येत होत्या आणि तिथेच संपत होत्या. ग्राह्य धरावा की धरू नये, ते गेलं होतं. त्यानंतर बाईंनी जे वाचलं ते डिस्कवर कधी उतरलंच नव्हतं. ते फक्त नागोरावांच्या उजव्या कानात गेलं होतं.

"किती पानं राहिली?" बाईंनी विचारलं.

नागोरावांनी छापील प्रत चाळून दाखवली. बाईंनी पानं बोटात धरून जाडी पाहिली. सकाळपासून बोलून त्यांचा आवाज आता बसत चालला होता.

"आता जागा आहे?"

"नाही," फोन म्हणाला. "आधी करायला लागेल. काका, प्रत मिळालीये, आता ओके दाबा."

नागोरावांनी ओके दाबलं. प्रोग्राम बंद झाला. कप्पा पाहिला, तर निम्म्याहून कमी भरलेला दिसला.

"आणखी काय आहे त्यात? वाचा."

नागोरावांनी यादी वाचली. अर्धवट सोडलेली जुनी वाचनं होती, छपाईला पाठवून विसरलेले कागद होते, आणि सगळ्यात वर अमृतमहोत्सव होता. तो त्यांनी जरा पुटपुटत वाचला.

"ते माझं आहे," रंगराव सिंकजवळून म्हणाले. "तात्पुरतं ठेवलं होतं. त्यावर 'टेम्पररी' लिहिलं होतं म्हणूनच तिथे ठेवलं. मला थोड्या दिवसांसाठीच हवं होतं."

"कधी ठेवलं?" बाईंनी विचारलं.

"मागच्या गणपतीत."

बाईंनी मान डोलावली. "सत्कार अजून चालू आहे का?"

रंगरावांनी स्वतःचा पेनड्राइव्ह काढून दिला. सत्कार त्यात हलवला गेला. जुनी वाचनं नागोरावांनी एकेक उघडून ऐकली, कोणाच्या कामाची नाहीत याची खात्री केली आणि मग पुसली. या वेळी प्रत्येक पुसण्याआधी त्यांनी फाइलचं नाव मोठ्याने म्हटलं आणि मिसबाने "हं" म्हटल्यावरच एंटर दाबलं. मग तिने रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामची सेटिंग उघडायला लावली. तात्पुरत्या फायली कुठे ठेवायच्या त्याचा पत्ता तिथे लिहिलेला होता. तो बदलून मोठ्या डिस्कवरचा दिला.

"इतकी वर्षं ही एक ओळ बदलायची होती?" नागोरावांनी विचारलं.

"हो."

"दिग्विजयने का नाही बदलली?"

"त्याला वाटलं असेल, धडे छोटे असतात. बाई मध्ये थांबत नाहीत हे त्याला कोणी सांगितलं नसेल." मग ती म्हणाली, "काका, तुम्ही स्पष्ट वाचता. ऑफिसात माझ्याबरोबरचे लोक अर्धा पडदा गाळून सांगतात."

नागोरावांनी बाईंकडे पाहिलं नाही. बाईंनीही पाहिलं नाही. त्या पुस्तक घेऊन आत गेल्या होत्या आणि काचेपलीकडे चष्मा लावत होत्या.

उरलेली पानं वाचायला वेळ लागला. आवाज मध्येच चिरत होता, खाली जात होता. बाई आता थांबत होत्या. परिच्छेद झाला की पाणी प्यायच्या, हाताने खूण करायच्या आणि पुढे जायच्या. नागोराव एक डोळा पुस्तकावर आणि एक डोळा पडद्यावर ठेवून होते. दर पान संपलं की ते किती जागा उरली ते बघत, आणि अंगठा वर करून दाखवत. रंगराव रिक्षा बघायला बाहेर जाऊन उभे राहिले होते आणि येणाऱ्या प्रत्येक रिक्षावाल्याला थोडं थांबायला सांगत होते. त्यातले बरेचसे थांबले नाहीत.

संपलं तेव्हा बाईंच्या तोंडून शेवटचा शब्द जेमतेम फुटला. नागोरावांनी जतन केलं, शेवटचं पान लावून ऐकवलं, आणि मगच त्या उठल्या. दारात त्या काहीतरी म्हणाल्या. नागोरावांनी उजवा कान पुढे केला, तरी ऐकू आलं नाही.

"काय म्हणालात?"

बाईंनी हात हलवला, जाऊ द्या असा, आणि रिक्षात बसल्या. त्या काय म्हणाल्या ते नागोरावांना शेवटपर्यंत कळलं नाही. घरी गेल्यावर त्यांनी बायकोला, गोदाबाईंना, सगळं सांगितलं. गोदाबाई म्हणाल्या, काय म्हणणार, नळ बंद करा म्हणाल्या असतील. नागोरावांनाही तेच पटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही तुकडे जोडले आणि पुस्तक सूरजला पाठवून दिलं.

बाईंचं ऑपरेशन झालं. गाठ काढली. तपासणीत ती साधीच निघाली, पण स्वरतंतूंना धक्का बसला होता. डॉक्टरांनी कित्येक आठवडे बोलायचं नाही असं सांगितलं. कुजबुजायचंही नाही, कारण त्याने जास्त ताण येतो. बाई घरी थोडे दिवस बसल्या. मग एके सकाळी केंद्राच्या दारात उभ्या राहिल्या. गळ्यात दोरीने बांधलेली पाटी होती, पर्समध्ये खडू होता.

त्यांनी आत येऊन स्टूल ओढलं, नागोरावांच्या शेजारी ओट्यापाशी बसल्या आणि पाटीवर लिहिलं: 'दुसरी प्रत द्या.'

तेव्हापासून छापील प्रतीवर बोट फिरवायचं काम बाईंकडे आलं. वाचणारा चुकला की त्या ओट्यावर खडू आपटतात. नवे वाचक त्यामुळे बरेच घाबरतात. त्यातला एक परत आलाच नाही. नागोरावांना आता पडद्याकडे नीट बघता येतं. दर सोमवारी वाचन सुरू होण्याआधी तात्पुरता कप्पा उघडायचा असं दोघांनी ठरवून घेतलं आहे. लहान कप्प्यात अजूनही काही ना काही येऊन पडतं. कोणीतरी सोसायटीच्या पुनर्विकासाचे नकाशे उघडतं, कोणी लग्नाची पत्रिका छापायला पाठवतं. नागोराव नावं वाचतात. बाई पाटीवर लिहितात: 'कोणाचं?' माहीत असेल तर नागोराव सांगतात. नसेल तर फाइल प्रोग्रामने उघडून धरलीये का ते आधी बघतात, मिसबाने त्यासाठी शिकवलेली वेगळी ओळ लिहून, आणि मगच पुसतात. रंगराव सोमवारी जरा उशिरा येतात.

सूरजची परीक्षा होऊन गेली. पेपर चांगला गेला असं त्याने फोन करून सांगितलं, केंद्राचे आभार मानले, आणि मग जरा घुटमळला.

"काका, एक विचारू का? राग मानू नका."

"विचार ना."

"अकराव्या प्रकरणात मध्येच बाई बदलल्यात का? 'ग्राह्य' शब्दापर्यंत एक बाई आहेत, आणि 'धरू नये' पासून दुसऱ्याच कोणीतरी. खूप म्हाताऱ्या वाटतात. मी दोन-तीनदा मागे जाऊन ऐकलं."

नागोरावांनी शेजारी पाहिलं. फोन स्पीकरवर होता. बाई मान खाली घालून पाटी पुसत होत्या.

"त्याच आहेत," नागोराव म्हणाले. "मधे जरा जागा संपली होती."

"हां, हां," सूरज म्हणाला. त्याला ते पटलं की नाही कळलं नाही. "पण दुसऱ्या बाई पण चांगल्या वाचतात. थांबून थांबून वाचतात, त्यामुळे ते कलम माझ्या पक्कं लक्षात राहिलं. त्यावरच प्रश्न आला होता."

बाईंचे खांदे हलायला लागले. नागोरावांना आधी वाटलं की रडतायत, म्हणून ते घाईने फोन बंद करायला गेले. मग त्यांच्या लक्षात आलं की त्या हसतायत. हसायलाही डॉक्टरांनी मनाई केली होती. नागोरावांनी त्यांना तशी आठवण करून दिली. बाईंनी पाटी उचलली, त्यावर काहीतरी लिहायला घेतलं, पण हात हलत असल्यामुळे अक्षर लागेना. शेवटी त्यांनी पाटी खाली ठेवली आणि तोंडावर पदर धरून, अजिबात आवाज न करता, बराच वेळ हसत राहिल्या.